नीट बिघडवलेला पियानो

मित्रांनो, जुना पियानो म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर आधी दया येते. ती तुम्ही तूर्त बाजूला ठेवा; लागलीच तर मी मागून घेईन. मी जुना आहे हे खरं. माझ्या पायांची चाकं फिरत नाहीत, एक पेडल करकरतं, आणि पाठीच्या फळीवर कुण्या विद्यार्थ्याने 'गृहपाठ मुर्दाबाद' असं कर्कटकाने कोरून ठेवलं आहे. पण मी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला पियानो आहे. नाशकाच्या दूध बाजारात असं सांगू शकणारा मी एकटाच. आणखी कुणी असेल तर त्याने पुढे यावं, मी सरकून जागा देईन. म्हणजे चार माणसांनी मला सरकवलं तर.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे बाहेर साहेबाच्या नावाची पाटी आणि आत आपले सुतार. लाकूड ब्रह्मदेशाचं, लोखंडी चौकट विलायतेची, तारा जर्मनीच्या, आणि मला जोडताना वापरलेल्या शिव्या गिरगावच्या. आंतरराष्ट्रीय तर मी जन्मापासूनच होतो. स्पर्धा तेवढी व्हायची राहिली होती.

माझ्या पोटात काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची भांडणं तुम्हाला समजतील. पट्टी दाबली की आत एक लाकडी हातोडा उठून तारेवर पडतो आणि सूर उमटतो. तारा खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. पाना लावून खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. बस, एवढंच. बाकी सगळं माणसांच्या डोक्यात असतं.

मुंबईहून मी देवळालीला आलो, एका पारशी कुटुंबाच्या हवापालटाच्या बंगल्यात. त्या काळी इकडची हवा औषध समजली जायची. आजारी पाहुण्यांना संध्याकाळी दिवाणखान्यात आणून बसवत आणि घरातली कुणी मुलगी माझ्यावर नाचाची गत वाजवे. बरेच जण बरे होऊन गेले. त्याचं श्रेय मी घेत नाही, पण कुणी दिलं तर नाकारतही नाही.

पुढे बंगला विकला गेला आणि मला एका शाळेला देणगी म्हणून देऊन टाकलं. मित्रांनो, जी वस्तू आपल्याला टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही, तिला देणगी म्हणतात. सुरुवातीला शाळेत माझा मान होता. माझ्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे. मग संगीताच्या बाई निवृत्त झाल्या, माझ्या झाकणाची किल्ली हरवली, आणि मी 'ते काळं कपाट' झालो. माझ्यावर ढाली आल्या, भूगोलाचा गोल आला, 'पाणी वाचवा'चा थर्मोकोलचा देखावा आला. स्नेहसंमेलनात माझ्यावर खाकी चादर टाकून मला डोंगर केलं. नाटकातला मावळा माझ्यावर चढला आणि टाळ्या त्याला पडल्या. पोटात उंदरांनी हातोड्यांची लोकर उपसून बाळंतिणीची खोली केली. मी तक्रार केली नाही. तक्रार करायलाही झाकण उघडावं लागतं.

शेवटी शाळेला माझ्या जागेवर पाण्याचा कूलर बसवायचा होता. पेटी दुरुस्त करणाऱ्या हनीफभाईंना बोलावून मुख्याध्यापक म्हणाले, "हे तुमच्याच जातीतलं वाद्य आहे. घेऊन जाता का?" हनीफभाईंनी झाकण उचकटलं, आत डोकावले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.

हनीफभाई मूळचे मालेगावचे. भाऊ सगळे यंत्रमागावर. यांचा कान मात्र लहानपणीच त्या खडखडाटातून पळाला आणि हार्मोनियमच्या पेटीत जाऊन बसला. दूध बाजारात त्यांचं दुकान आहे, आणि दुकानामागे राहायचं घर. जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या, कीर्तनकारांच्या, कव्वालांच्या पेट्या त्यांच्याकडे येतात. ग्राहकाचा धर्म ते विचारत नाहीत, पट्टी विचारतात. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठे लागतो ते. कुणाचा पहिल्या काळ्या पट्टीवर लागतो, त्याला 'काळी एक' म्हणतात; कुणाचा पाचव्या काळीवर, ती 'काळी पाच'. एकदा सा कळला की हनीफभाई बाकीचे सूर त्याला धरून असे घासून बसवतात की गाणाऱ्याला आपणच फार चांगले गातो असं वाटू लागतं. त्यांचा गंधार, म्हणजे सारेगममधला ग, तर असा लागतो की ऐकणारा जागच्या जागी थांबतो.

मला त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं, उंदरांना निरोप दिला, नवी लोकर लावली, लेथवाल्याकडून पाना बनवून घेतला आणि सूर लावायला बसले. रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न होता, पट्टी कुणाची? माझ्याबरोबर गाणारं तर कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःचीच धरली. काळी एक.

आता हे असं आहे, मित्रांनो. काळी एकला सा धरून वाजवलं की मी म्हणजे स्वर्ग होतो. पण तिथून बाजूला सरकून पांढऱ्या एकवर, म्हणजे लगतच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा धरला, की माझे सूर भांडण झालेल्या व्याह्यांना एका सोफ्यावर बसवावं तसे होत. सगळे हजर, पण कुणी कुणाकडे बघत नाही. पेटीवाल्याला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा गवई पट्टी सोडून जातच नाही. पियानो वाजवणारा मात्र एका बैठकीत सगळ्या गावाला फेरी मारून येतो. हनीफभाईंना हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावरही पटलं नाही.

सांगणाऱ्या होत्या एस्तरबाई. त्या शरणपूरला राहतात, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि हनीफभाईंच्या मुलीला, अरिबाला, तिचा पट्टीला हात पुरत नव्हता तेव्हापासून शिकवतात. या घरात एरवी निम्मी उर्दू, निम्मी मराठी चालते. एस्तरबाई आल्या की सगळे मराठीत येतात, म्हणजे भांडण बरोबरीचं होतं. माझं पहिलं दर्शन घेऊन, मी वाजल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "हनीफभाऊ, हा पियानो नाही, हा हट्ट आहे."

"सुरात आहे की नाही ते सांगा."

"तुमच्या सुरात आहे."

"मग झालं तर," हनीफभाई म्हणाले. त्यांना ती शाबासकी वाटली.

अरिबा त्याच हट्टावर वाढली. काळी एकमधलं जे जे तिला मिळे ते ती माझ्यावर वाजवी, आणि बाकीचं शरणपूरला जाऊन बाईंच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर. तिचा हात चांगला होता. हे मी लळ्याने म्हणत नाही. माझ्यावर आजवर कितीतरी हात पडले, त्यांतले बरेचसे नुसते पडलेच. हिचा हात यायचा, आणि यायच्या आधी विचार करून यायचा.

अशात एस्तरबाईंनी स्पर्धेची बातमी आणली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा नाशकात नव्या नाहीत. गंगापूर रोडवर कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये एखादी चालूच असते. परीक्षकांपैकी एकाचा मेहुणा दुबईला असला की ती आंतरराष्ट्रीय होते, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पहिला क्रमांक मिळतो. ही तशी नव्हती. ही युरोपातल्या एका शहरात होणार होती. पहिली फेरी चित्रफितीवर. दोन रचना वाजवायच्या, एक आपल्या आवडीची आणि एक त्यांनी नेमून दिलेली. दोन्ही एका दमात, मध्ये कुठेही न कापता. आणि वाद्य खरं हवं, विजेवरचं चालणार नाही. अरिबाचं वय लहानांच्या गटात यंदापुरतंच बसत होतं. पुढच्या वर्षी तिला मोठ्या माणसांत बसावं लागलं असतं आणि तिथे तिचं कुणी ऐकलं नसतं.

नेमून दिलेली रचना एस्तरबाईंनी माझ्यासमोर उघडली. अरिबाने पहिली ओळ वाजवली, छान गेली. दुसऱ्या ओळीला रचनेने घर सोडलं. तिसऱ्या ओळीपर्यंत ती पांढऱ्या एकवर पोहोचली, आणि माझ्यातून जो आवाज निघाला त्याने स्वयंपाकघरातून रेहानाभाभी बाहेर आल्या. या अरिबाच्या अम्मी.

"काही पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अम्मी. सूर आहे."

"असा?" म्हणाल्या आणि परत गेल्या.

दुसरा पियानो शोधायचं ठरलं. गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर पांढरा शुभ्र भला मोठा पियानो आहे, असं कळलं. अरिबा आणि एस्तरबाई मोठ्या आशेने गेल्या आणि तोंडं पाडून परत आल्या. पियानो होता. नवरा-नवरीची एन्ट्री त्याच्या बाजूने होते. झाकण उघडलं तर आत तारा नव्हत्या, दिव्यांची माळ होती. मॅनेजर त्यांना म्हणाला, "वाजतो ना मॅडम. बटन दाबा, वाजतो." मला त्या पियानोबद्दल वाईट बोलायचं नाही. प्रत्येकाचं नशीब. पण तेव्हापासून मी जरा ताठ उभा राहू लागलो. शर्यतीत मी एकटाच उरलो होतो, आणि मीच बेसूर होतो.

मग ते भांडण झालं.

"याला सगळ्या पट्ट्यांत सारखा लावावा लागेल, हनीफभाऊ," एस्तरबाई म्हणाल्या.

"लावलेलाच आहे."

"एका पट्टीत लावलाय."

"माणूस एकाच पट्टीत गातो, बाई."

"पियानो गात नाही. तो हिंडतो."

"मग हिंडून बिघडतो. त्याला मी काय करू? घरी बसावं."

एस्तरबाईंनी पर्स खाली ठेवली. पर्स खाली ठेवली की त्या शिकवायला लागतात. "हे बघा. बारा सूर आहेत. तुम्ही एकाला राजा केलंत आणि बाकीच्यांना त्याच्या दरबारात उभं केलंत. इथे सगळ्यांना सारखं वाटायचं असतं. कुणालाच पूर्ण मिळत नाही, पण कुणी उपाशीही राहत नाही."

"म्हणजे बाराही जण थोडे थोडे खोटे."

"थोडे थोडे."

"आणि त्याला तुम्ही सुरात म्हणता."

"सगळं जग म्हणतं."

"मग जगाला इकडे पाठवा. मी घासून देतो."

अरिबाने मोबाईल पुढे धरला. त्यात सूर मोजायचा काटा होता. "अब्बा, हे बघा ना. आपला गंधार उतरलेला दाखवतोय. लाल."

"मोबाईल बदल," हनीफभाई म्हणाले.

"अब्बा, तीन ओळींच्या पुढे जाता येत नाहीये मला."

हनीफभाईंच्या हातात पाना होता, तो त्यांनी फडक्याने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग म्हणाले, "बेटा, लोकांच्या बिघडलेल्या पेट्या सुरात आणण्यात माझी उमर गेली. सुरातली बिघडवायची माझ्या हाताला माहिती नाही. दुसरं काहीही सांग."

अरिबाने माझं झाकण लावलं. आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढचे काही दिवस ती माझ्याकडे आली नाही. शरणपूरला जायची, कीबोर्डवर ती रचना बसवायची, घरी येऊन जेवायची. घरात तिच्याशी सगळे फार चांगले वागत होते, आणि कुणी काही चांगलं बोलत नव्हतं. अर्ज पाठवायची शेवटची तारीख दाराशी येऊन बसली होती.

मित्रांनो, मी त्या दिवसांबद्दल खोटं बोलून मोठेपणा मिळवणार नाही. मला स्पर्धेत उतरायचं होतं, आणि मला माझा गंधारही सोडायचा नव्हता. देवळालीच्या बंगल्यातसुद्धा कुणी मला इतका गोड लावला नव्हता. कुणी आपलं इतकं ऐकून आपल्याला घडवलं असेल, तर त्याचा हात आपल्या अंगात राहतो. तो काढून कसा टाकायचा?

तो गुंता सोडवला घोटीच्या पुंजाबुवांनी, आणि त्यांना हे आजतागायत माहीत नाही.

पुंजाबुवा भजनी मंडळाचे म्होरके. भाताचा व्यापार दिवसा, भजन संध्याकाळी, आणि आवाज असा की माईक असला तरी मागे ठेवतात. त्यांची पेटी हनीफभाईंनीच लावलेली, काळी एकमध्ये. त्या दिवशी ते पेटी घेऊन आले आणि सोबत नात होती, सायली. शाळेच्या गणवेशात, कपाळाला आठ्या घालून.

"हनीफभाई, पेटीला काय नाय झालं. पोरीला झालंय," बुवा बसता बसता म्हणाले. "गळा लय गोड हाय. पण गंधाराला उतरती. दर टायमाला. म्हणलं तुमच्या कानाखालून घालावी एकदा."

"कुठल्या पट्टीत गाते?"

"काळी पाच."

"मी उतरत नाही," सायली म्हणाली.

"बघा, अन् वर बोलती."

हनीफभाईंनी पेटी पुढे ओढली, भाता उघडला, काळी पाचवर सा दिला. सायली गायली. मी मागच्या खोलीत होतो, मधला पडदा बाजूला होता, मलाही ऐकू आलं. गंधारावर ती आली आणि पेटी नि ती वेगवेगळ्या गेल्या. अगदी थोडं, पण कपड्यावर डाग दिसावा तसं दिसलं.

"पाहिलं?" बुवा म्हणाले.

हनीफभाईंनी पुन्हा भाता मारला. या वेळी फक्त साची एकच पट्टी दाबून धरली, बाकी पेटी गप्प ठेवली, आणि म्हणाले, "आता गा." सायली गायली. गंधारावर आली आणि तिथे उभी राहिली. हनीफभाईंचा भाता मारणारा हात थांबला. सा बंद पडला आणि पोरीचा गंधार तेवढा खोलीत राहिला.

बुवा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बुवा, पोरगी बेसूर नाही," हनीफभाई म्हणाले. "पेटी तुमची आहे."

"माझीच हाय की. मंग?"

"तुमची म्हणजे तुमच्या गळ्याला लावलेली. मीच लावली. तुम्ही गाता तेव्हा ती खरी. हिच्या पट्टीत गेली की पेटीचाच गंधार चढतो. पोरगी बरोबर जागेवर असते, म्हणून खाली वाटते."

"म्हंजी इतके दिवस..."

"इतके दिवस ही बरोबर गात होती."

बुवांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "आन मी हिला मंडळासमोर बोललो, हनीफभाई. दोनदा बोललो."

"चारदा," सायली म्हणाली.

"मंग आता? हिच्यासाठी लावता का पेटी?"

"लावतो. मग तुम्ही उतराल."

"आसं कसं? मला बी गायचंय, तिला बी गायचंय. पेटी तर एकच हाय."

"मग दोघांनाही चालेल अशी लावावी लागेल," हनीफभाई सहज म्हणून गेले. "कुणालाच पुरी खरी नाही. दोघांनाही थोडी थोडी..."

आणि तिथे थांबले.

रेहानाभाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. "काय म्हणालात, अरिबाचे अब्बा? पुढचं मला ऐकू आलं नाही."

हनीफभाईंनी चहा घेतला. तो गरम होता. तरी एका घोटात घेतला. "एस्तरबाईंना फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, बिघडवायचं कसं ते येऊन सांगा."

मला लावायला बसले तेव्हा सकाळची वेळ होती. एस्तरबाई खुर्चीवर, अरिबा माझ्या पट्ट्यांवर, आणि हनीफभाई माझ्या उघड्या पोटात. तारांच्या मध्ये लोकरीच्या पाचरी सारून ते एकेक तार मोकळी करत.

"सा आणि पंचम एकदम वाजव, अरिबा," बाई म्हणाल्या. "लागलाय?"

"स्वच्छ लागलाय," हनीफभाई म्हणाले.

"हो. आता जरा बिघडवा."

"किती?"

"दोन्ही सुरांच्या मध्ये एक संथ लाट ऐकू येईल, इतकं."

त्यांनी खुंटी किंचित सैल केली. लाट आली. ती ऐकली मात्र, आणि त्यांच्या मनगटाने त्यांना न विचारता खुंटी परत पिळली. लाट गेली. सूर स्वच्छ. बाईंनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा."

पुन्हा तेच. हात जायचा, बिघडवायचा, आणि आपणहून दुरुस्त करून यायचा. पेट्यांमधली खोट एवढी वर्षं ज्याने काढून टाकली, त्याला खोट ठेवून उठणं म्हणजे दिवा न मालवता घर सोडण्यासारखं.

"अब्बा," अरिबा म्हणाली, "आला ना सूर, की पाना सोडून द्या. मी सांगते केव्हा ते."

मग तसं चाललं. लाट आली की ती म्हणायची, "झालं," आणि हनीफभाई पाना टाकून मागे सरकायचे, दोन्ही हात वर करून, जणू पोलीस आले. एस्तरबाई आधी हसल्या, मग हसायचं विसरल्या. दुपारपर्यंत सगळे सूर बाजूला-बाजूला सरकून बसले. गंधार त्यांनी शेवटी ठेवला होता. काळी एकचा गंधार, म्हणजे माझी चौथी पांढरी पट्टी. खुंटी त्यांनी पिळली आणि तो चढला. मित्रांनो, मला दुखलं वगैरे काही नाही. आम्हा वाद्यांना खुंटी पिळल्याचं दुखत नाही. पण त्या सुरात एक घर होतं, ते उठलं. हनीफभाईंनी ऐकलं. "चढा आहे," ते म्हणाले.

"चढाच असायला हवा," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे. राहू द्या तिथे."

आणि पाना त्यांनी स्वतःहून खाली ठेवला.

मग अरिबाने नेमून दिलेली रचना वाजवली. तिसरी ओळ आली, मी पांढऱ्या एकवर गेलो आणि कुणी भांडलं नाही. पाचव्या ओळीला आणखी पुढे, तिथेही माणसं बसलेली, नीट, एकमेकांना जागा देऊन. मी आजवर इतका हिंडलो नव्हतो. खरं सांगतो, मजा आली.

चित्रीकरण दोन दिवसांनी झालं. मोबाईल पेट्यांच्या खोक्यांवर उभा केला. रेहानाभाभींनी गल्लीत जाऊन रसवाल्याचं यंत्र थांबवलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला जेवायला पाठवलं, आणि कुकरची शिटी काढून ओच्यात बांधली. अरिबाने दोन्ही रचना अशा वाजवल्या की एस्तरबाईंनी श्वासही मोजून घेतला. शेवटचे दोन सूर उरले, आणि गल्लीत घंटागाडी आली. कचरा वेगळा द्या म्हणत, गाणं लावून.

हनीफभाई दाराशी गेले आणि घंटागाडीच्या माणसाला एवढंच म्हणाले, "भाऊ, उद्यापासून दुपारी येत जा." तो म्हणाला, "मी दुपारीच आलोय." तेही खरं होतं.

"पुन्हा वाजवते," अरिबा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने आवडीची रचना आधी घेतली, काळी एकमधली, माझ्यावर ती लहानपणापासून वाजवत आली ती. त्यात गंधारावर येऊन रेंगाळायची तिला सवय होती. मला जुन्या तऱ्हेने लावलेलं असताना तिथे बसावंसंच वाटे. आता त्या सुरात लाट होती. तिथे बसता येत नव्हतं. अरिबा गंधारावर आली, क्षणभर टेकली, आणि उठून पुढे गेली. अशी ती त्याआधी कधी पुढे गेली नव्हती. रचनेचा पुढचा भाग मी वर्षानुवर्षं वाजवत आलो होतो, पण तो पहिल्यांदा ऐकला तो त्या दिवशी. मग नेमून दिलेली रचना. ती पट्टी बदलत हिंडली, आणि मी तिच्या मागे नाही, बरोबर गेलो. शेवटचा सूर विरेपर्यंत गल्लीत कुणी आलं नाही. मोबाईल बंद झाल्यावर हनीफभाई म्हणाले, "चढा होता."

"कळलं मला," अरिबा म्हणाली. "म्हणून तर उठले तिथून."

हनीफभाईंनी मान हलवली, पेटीवर चांगला हात चालला की हलवतात तशी.

निकाल ईमेलवर आला. अरिबाची पुढच्या फेरीसाठी निवड झाली होती. ही फेरी तिकडे, त्यांच्या शहरात, त्यांच्या रंगमंचावर व्हायची होती. एस्तरबाई रिक्षाने आल्या आणि रिक्षावाल्यालाही आत घेऊन आल्या, कारण वाटेत त्याला सगळं सांगून झालं होतं.

"मग हाही जाणार का?" रेहानाभाभींनी माझ्याकडे बघून विचारलं. मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

"नाही अम्मी. तिकडे त्यांचा पियानो असतो."

"कसा लावलेला असतो?" हनीफभाईंनी विचारलं.

"आता आपला आहे ना, तसाच."

"म्हणजे तिकडेही गंधार चढा."

"सगळीकडे चढा, अब्बा."

त्यांनी पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं: निवड झाली, काम झालं, आता मला परत काळी एकमध्ये आणावं, गोड करावं. अरिबालाही ते माहीत होतं. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिली.

"तिकडे जाईपर्यंत हाताला याचीच सवय राहू दे," ते म्हणाले. "चल, वाजव."

मित्रांनो, स्पर्धेचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण मला काळजी नाही. माझ्यावर शिकलेला हात कुठल्याही पियानोवर जाऊन बसू शकतो, असा मी आता लावलेला आहे. तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य पडलं असेल तर त्याच्यावर ढाली ठेवू नका, चादर टाकू नका. धूळ पुसा, झाकण उघडा, उंदीर काढा. आणि त्याला सुरात ठेवा. फक्त सूर लावायला बसण्याआधी, वाजवणारं कोण आहे ते बघा आणि त्याला विचारा. उत्तर तुमच्या कानाला आवडणार नाही, असंही होईल. तरी पाना हातात घ्या.